खरी किंकाळी आणायला कोल्हापूरला

लोक कोल्हापूरला देवीच्या दर्शनाला जातात, चपला आणायला जातात, निदान रस्सा ओरपायला तरी जातात. मी गेले ती माणसं ओरडताना ऐकायला. परत आल्यावर शेजारच्या काकूंनी गूळ आणला का विचारलं. मी आणला नव्हता. सकाळ-संध्याकाळ लोकांच्या तोंडापुढे माईक धरून बसलेल्या बाईला गूळ कुठून आठवणार?

तर सांगते पहिल्यापासून. मी ठाण्यात राहते आणि पोटासाठी डबिंग करते, म्हणजे परदेशी मालिकांना मराठी बोलायला लावते. वीस वर्षांत माझ्या लेखणीखालून बोलणारी अस्वलं गेली, भांडणाऱ्या राजकन्या गेल्या, केकच्या स्पर्धेत हरून रडणारे आचारी गेले. दिग्दर्शन मात्र कधी मिळालं नव्हतं. यंदा मिळालं, आणि मिळालं ते ‘सातवं हाड’ या मालिकेचं.

ही मूळची जपानी चित्रकथा, मांगा. काळ्या-पांढऱ्या चित्रांचे जाडजूड खंड. कथा एका ओळीत सांगता येते: तेत्सुजी नावाच्या तरुणाच्या गुरूला मारामारीच्या सात उस्तादांनी मिळून मारलं, तेव्हा तेत्सुजीने शपथ घेतली की त्या प्रत्येकाचं एकेक हाड मोडून जीव घेईन. बाकीचे खंड हाडं मोडण्यात जातात. या मांगावर आधी ॲनिमेशन मालिका निघाली आणि मग खऱ्या नटांना घेऊन सिनेमा निघाला. आम्हाला मराठी करायची होती ती ॲनिमेशन मालिका. माझा आणि हिंसेचा संबंध तोवर दुधी भोपळा चिरण्यापुरताच होता. पण दिग्दर्शकाची खुर्ची होती, मी नाही म्हटलं नाही.

नमुन्यादाखल पहिला भाग करून जपानला पाठवला. तिथल्या पर्यवेक्षक बाईंचं उत्तर आलं. संवाद सुंदर आहेत, आवाज योग्य आहेत, फक्त एक अडचण आहे: "कुणालाही दुखत नाहीये."

पुढे लिहिलं होतं की दहा दिवसांत नवा नमुना पाठवा, तोही असाच असेल तर मराठी आवृत्ती रद्द. म्हणजे आमच्या आठ कलाकारांचं वर्षभराचं काम गेलं आणि माझी खुर्चीही गेली. मी तो भाग पुन्हा ऐकला. बाईंचं खरं होतं. आमचे नट बरगडी मोडल्यावर जे ओरडत होते ते ऐकून वाटत होतं की त्यांना चहात साखर कमी पडली आहे. का, ते मात्र मला कळेना. मग मी विचार केला, महाराष्ट्रात माणसं रोज सकाळी उठून एकमेकांना आपटतात कुठे? आणि सुजाताला फोन लावला.

शुक्रवार, कळंबा

सुजाता कांबळे माझी कॉलेजातली मैत्रीण. पुण्यात आम्ही दोन वर्षं एका खोलीत काढली. आता ती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीची प्रमुख आहे. यंत्रांचे सुटे भाग पास करायचे की परत धाडायचे हे तिच्या सहीवर ठरतं. त्या ‘पंचतारांकित’ शब्दामुळे माझ्या आईची अजून समजूत आहे की सुजाता हॉटेलात असते.

स्टँडवर ती स्कूटर घेऊन उभी होती.

"आलीस की! मी अर्धा तास झाला थांबलोय."

इथल्या बायका स्वतःबद्दल सर्रास ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. पहिल्या तासात मला ते कानाला लागलं. तिसऱ्या दिवशी मी फोनवर नवऱ्याला "जेवलो" म्हणाले आणि त्याने तिकडून विचारलं, कोण बोलतंय?

सुजाताचं घर कळंब्याला, तलावापासून चालत दहा मिनिटांवर. रात्री जेवायला भाकरी, वांग्याची भाजी, दही आणि खर्डा होता. खर्डा म्हणजे हिरव्या मिरच्या भाजून ठेचलेल्या, वर नावापुरते शेंगदाणे आणि लसूण. ठाण्यात आम्ही त्याला ठेचा म्हणतो आणि दह्यात कालवून घाबरत घाबरत खातो. इथे तो भाजीसारखा वाढतात. मी मोठा घास घेतला, कानातून वाफ निघाली, आणि सुजाता शांतपणे म्हणाली, "रेकॉर्ड कर की. ह्यो आवाज चालंल का?"

पाणी पिऊन झाल्यावर मी जरा ओशाळतच तिला कामाबद्दल सांगायला लागले. एक जपानी मारामारीची गोष्ट आहे, जरा रक्तबंबाळ आहे, तुला कदाचित आवडणार नाही...

"तेत्सुजीची न्हवं?" ती म्हणाली. "सांगू नको. तेविसाव्या खंडापर्यंत मला पाठ हाय."

तिने आतून चार खंड आणले. बाबासाहेबांच्या ग्रंथांची एक फळी होती, तिच्या खालच्या फळीवर ते नीट प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवलेले होते. बाकीचे ती फोनवर वाचते, कागलला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये. बसमधल्या सगळ्यांना वाटतं मॅडम मेल बघतायत, त्यामुळे कुणी गप्पा मारायला येत नाही.

"पण तुला हे आवडतं? तुला?" मी विचारलं. खोलीत झुरळ निघालं की ही कॉटवर चढून बसायची.

"हे बघ," ती म्हणाली, "कारखान्यात पुरुष ओरडला की म्हणत्यात सायेब कडक हाय. मी ओरडलो की म्हणणार बाईचं डोकं फिरलं. म्हणून मी वीस वर्षं ओरडलोच न्हाई. सकाळी बसमध्ये दोन हाडं मोडून घेतो, मग दिवस बरा जातोय."

हे ऐकून मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. मग तिने मला मांगा, ॲनिमेशन आणि सिनेमा यांतला फरक समजावला. ॲनिमेशनचा पहिला सीझन झकास, दुसऱ्यात पैसे संपले म्हणून माणसं कमी आणि डोंगर जास्त दाखवलेत. "आनि त्या सिनेमाचं नाव ह्या घरात काढायचं न्हाई," तिने बजावलं. हे सांगताना तिने उजवा हात वर केला आणि तो खांद्यापाशीच अडकला. वर्ष झालं होतं तो खांदा आखडून. दर रविवारी ती एका वस्तादांकडे तो चोळून घ्यायला जायची.

"त्यांच्याच तालमीत उद्या तुला नेतोय," ती म्हणाली. "मी रजा टाकलीया."

शनिवार, तालीम

पहाटे साडेपाचला आम्ही पेठेतल्या तालमीपुढे उभ्या होतो. दार इतकं बुटकं की आत जाणाऱ्या प्रत्येकाला वाकावंच लागतं. आम्हा दोघींना वाकायचा प्रश्न आला नाही, कारण या तालमीत बायका आत जात नाहीत. हे ऐकून माझं डोकं तडकणार होतं, तेवढ्यात सुजाताने कोपराने ढोसलं. खिडकीखाली कट्टा होता आणि खिडकीतून आखाडा पूर्ण दिसत होता. माईक लांब काठीला बांधून मी खिडकीतून आत सोडला.

आतून मातीचा वास आला. ती माती नुसती माती नसते. तिच्यात ताक, हळद, लिंबू, तेल असं काय काय मुरवलेलं असतं. माझ्या चेहऱ्यावर मी जे फासते त्याहून ते नक्कीच महाग असणार.

आबा वस्ताद आखाड्याच्या कडेला उभे होते. सत्तरीचे, अंगाने अजून भरलेले, आणि दोन्ही कान करंज्यांसारखे मुडपून बंद झालेले. त्यांनी माईककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "घ्या की ताई काय घ्यायचं ते. माती थोडीच संपतीया."

दोन तास मी रेकॉर्डर चालू ठेवला. माझ्या डोळ्यांदेखत सव्वाशे किलोची माणसं एकमेकांच्या खांद्यावरून पलीकडे पडली. माना दाबल्या गेल्या, पाय पिळले गेले. एका पोरगेल्या पैलवानाचा हात पाठीमागे अशा जागी गेला की जिथे मी साधी साबणाची वडीही पोचवू शकत नाही. आणि माझ्या रेकॉर्डरवर काय आलं? श्वास. मांडीवर पडलेल्या शड्डूचा आवाज. धप्. पुन्हा श्वास. एकदा कुणीतरी शिंकलं.

"आबा, हे ओरडत का नाहीत?" मी शेवटी विचारलं.

"ओरडायचं न्हाई," आबा म्हणाले. "हितला नेम हाय. ज्याच्या तोंडातनं ‘आई गं’ आलं त्यानं भाईर जाऊन पाचशे बैठका मारायच्या."

"पण दुखतं ना त्यांना?"

"दुखतंय की! पर ओरडलं की समोरच्याला कळतंय कुठं दुखतंय. मग त्यो तितंच दाबतोय."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, पाण्याची टाकी कुठे आहे ते सांगावं तसं. सुजाता माझ्या शेजारी बसून आखाड्याकडे बघत होती.

मी हार मानणारी नव्हते. सराव संपल्यावर मी आबांची रीतसर परवानगी काढली: आता कुस्ती नाही, नुसता अभिनय, तेव्हा नेम मोडत नाही. आबांनी संभाजी नावाच्या पैलवानाला पुढे केलं. संभाजीचा दंड माझ्या मांडीएवढा. मी त्याला समजावलं की कल्पना करा, तुमची बरगडी मोडली आहे. त्याने डोळे मिटले, बराच विचार केला, आणि वर्गात हजेरी द्यावी तशा सुरात म्हणाला, "आई गं."

मागची वीस माणसं हसून मातीत लोळली. संभाजी कानापर्यंत लाल झाला.

"म्याडम, न्हाई जमायचं," तो म्हणाला. "लाज वाटतीया."

"पोरांना सगळं शिकिवलं," आबा खेदाने म्हणाले, "ह्ये तेवढं ऱ्हायलं."

शनिवार, तोच कट्टा

दुपारी आबांनीच निरोप धाडला की ती तुमची जपानी कुस्ती काय आहे ती दाखवा. सुजाताने खंड घेतले, मी लॅपटॉप घेतला.

पहिल्यांदा ॲनिमेशन लावलं. तेत्सुजी डोंगरावरून झेपावतो आणि हवेत असतानाच आपल्या गुरूची आठवण काढतो. आठवण लांबलचक आहे, तिच्यात लहानपण येतं, चेरीची झाडं येतात. आबांनी बराच वेळ धीर धरला.

"खाली कवा येणार ह्यो? मी च्या पिऊन येतो."

मग तेत्सुजी खाली आला आणि त्याने आपल्या डावाचं नाव मोठ्याने उच्चारलं: ‘लोखंडी बगळ्याचा तिसरा प्रहार!’ हे मराठी नाव माझं, आणि त्यावर मी दोन दिवस घालवले होते.

"डाव सांगून टाकतंय व्हय?" आबा थक्क झाले. "मग समोरचा काय पूजा घालून बसणार?"

सिनेमाचं नाव सुजाताने काढू नको म्हटलं होतं, पण आबांना सगळंच बघायचं होतं. त्यात तेत्सुजीचं काम करणारा नट फार देखणा आहे. तो पावसात लढतो, चिखलात लढतो, एकदा पेटलेल्या घरात लढतो. आबांनी दहाव्या मिनिटाला लॅपटॉप मिटला.

"ह्येच्या केसाचा भांग मोडंना, आनि ह्यो दुसऱ्याची हाडं मोडणार?"

सुजाताने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं आणि पहिला खंड आबांच्या हातात दिला. त्यांनी तो आपल्या पुस्तकासारखा उघडला, म्हणजे जपानी हिशेबाने मागून. सुजाता म्हणाली, आबा, शेवट आधी कळेल, दुसऱ्या बाजूने बघा. ते म्हणाले, "कळू दे की. कोण चीत झालं ते एकदा कळलं की डाव निवांत बघता येतोय."

आणि मग ते त्यात रंगलेच. पान उलटायचे, थांबायचे, पुन्हा मागे जायचे. एका चित्रावर त्यांनी बोट ठेवलं. मला त्यात फक्त दोन माणसं आणि पुष्कळ शाई दिसत होती.

"ह्येचं पाऊल बघा ताई. टाच उचललीया. वजन सगळं अंगठ्यावर. आता ह्यो पट काढणार." त्यांनी पान उलटलं, आणि खरोखरच तेत्सुजीने समोरच्याचा पाय धरून ओढला होता. "ज्यानं काढलंय त्येनं आखाड्याची माती खाल्लीया. टीव्हीवाल्यांनी न्हाई."

मी माझी वही काढली. मांगात आवाज अक्षरांनी चित्रातच काढलेले असतात आणि साऊंडवाल्यासाठी त्यांची मी मराठीत यादी केली होती. हाड मोडण्याच्या प्रत्येक ठिकाणी मी ‘कडाड्’ लिहिलं होतं. आबांनी यादी ऐकली आणि तोंड वाकडं केलं.

"कडाड् कशाला? वीज पडतीया व्हय? गुडघा ‘कट्’ म्हणतोय, बारीक. खांद्याचा आवाज बाटलीचं बूच काढल्यागत. आनि बरगडीचा आवाज भाईर येतच न्हाई. ज्येची मोडली त्येलाच आत ऐकू येतोय."

त्या दुपारी माझी अर्धी वही बदलली. आवाज मिळत होते, ओरडणं काही मिळत नव्हतं. दहा दिवसांतले पाच गेले होते. मी हे आबांना सांगितलंसुद्धा, जरा रडकुंडीलाच येऊन. ते म्हणाले, "उद्या सकाळी या. उद्या हाडाची माणसं येत्यात. पैलवान न्हाईत ती, तुमच्यासारखी साधी. ती वरडत्यात."

त्या आनंदात संध्याकाळी आम्ही दूध प्यायला गेलो. ठाण्यात दूध पिशवीतून येतं आणि म्हैस ही आपण चित्रात बघतो. इथे पेठेत कट्ट्यापाशी म्हैस उभी, तिच्याखाली चरवी, आणि चरवीतून थेट तुमच्या पेल्यात फेसाळ, कोमट दूध. आजूबाजूची माणसं ते पाणी प्यावं तसं पीत होती. गवळ्याने विचारलं, "पावणं, अजून देऊ का?" मी आव आणून हो म्हटलं. दुसरा पेला ही माझी चूक होती. तिचे तपशील मी वाचकांना सांगत नाही. रविवारी सकाळी मी तालमीच्या कट्ट्यावर पोचले ती भिंतीला धरून, एवढं पुरे.

रविवार, पुन्हा तोच कट्टा

तालमीबाहेर सतरंजी अंथरलेली होती, तेलाची वाटी होती आणि पंधरा-वीस माणसांची रांग. खांदे, मनगटं, पाठी. आबा आधी बोटांनी चाचपतात. मोडलं असलं तर हात लावत नाहीत, सरळ दवाखान्यात धाडतात. सरकलं असलं तर बसवतात. पैसे घेत नाहीत.

मी अजून पिशवीतून माईक काढत होते तेवढ्यात एका जाडजूड दुकानदाराचा नंबर लागला. आबांनी त्याचं मनगट हातात घेतलं आणि आभाळ फाटावं तसा आवाज आला.

"मेलो! मेलो! मेलो रं देवा!"

माझ्या अंगावर काटा आला. हेच! याच्यासाठी तर मी आले होते! मी घाईघाईने माईक उभा केला, रेकॉर्डर चालू केला आणि रांगेला हात जोडून सांगितलं की मला जपानी मालिकेसाठी ओरडणं रेकॉर्ड करायचंय, कुणाची हरकत नाही ना?

हरकत? रांगेत उत्साह पसरला. कुणी केस सारखे केले. पुढचा होता रिक्षावाला, त्याची मान आखडलेली. आबांनी मान फिरवली. कट्! रिक्षावाल्याने माईककडे बघून स्मित केलं.

"दुखलं नाही?" मी विचारलं.

"छ्या! आपल्याला काय होतंय?"

त्याच्यानंतर एक शिक्षक आले, त्यांचं बोट सरकलेलं. बोट बसेपर्यंत ते व्यायामाचं महत्त्व या विषयावर बोलत होते. एक आजीबाई आल्या, गुडघ्याच्या. त्यांनी डोळे गच्च मिटले, दोन्ही मुठी वळल्या, चेहरा जांभळा झाला, पण आवाज नाही. नंतर मला म्हणाल्या, "माझ्या सुना ऐकतील न्हवं त्ये. कशाला त्यास्नी दावू?" आणि मघाचा दुकानदार, ज्याने देवाचा धावा केला होता, तो रांगेत परत येऊन बसला होता. त्याला दुसरं मनगट दाखवून आपली इज्जत भरून काढायची होती.

एक तास मी रेकॉर्ड केलं. सगळं कोल्हापूर माझ्या माईकपुढे शूर निघालं. शेवटी सुजाताचा नंबर आला. आबांनी तिचा खांदा तेल लावून वर उचलला. मला तिच्या हाताच्या शिरा दिसत होत्या. ती तेवढीच गप्प होती, जितकी दर रविवारी असते. मैत्रीण म्हणून मला तिचं कौतुक वाटायला हवं होतं, पण दिग्दर्शक म्हणून माझा तोल गेला.

"अगं, तू तरी ओरड!" मी चिडून म्हणाले. "काय मिळतं तुम्हा लोकांना गप्प बसून? जाऊ दे. मी जाते. मी अस्वलंच करते!"

आणि मी तरातरा कट्ट्यावरून उतरले. म्हणजे उतरणार होते. माईकची वायर माझ्या डाव्या पायात आली, पोटात दुधाचे दोन पेले आठवणीपुरते उरलेले, आणि मी वीस माणसांसमोर सतरंजीवर सपशेल पडले. आखाड्यातल्यासारखा धप् आवाज आला. घोट्यातून कळ निघाली ती डोक्यात.

पैलवान धावले. आबांनी सगळ्यांना मागे सारलं आणि माझा पाय मांडीवर घेतला. बोटांनी चाचपला.

"मोडलं न्हाई. सरकलंय जरा," ते म्हणाले. "घाबरू नका ताई. मला एक सांगा, त्या तेत्सुजीला पयल्या भागात शेवटी त्यो म्हातारा उस्ताद गावतोय, तवा तो म्हातारा काय म्हणतोय मराठीत?"

या प्रश्नाने मला इतकं बरं वाटलं! माझ्या संवादांबद्दल दोन दिवसांत कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. म्हाताऱ्याचं ते वाक्य माझं लाडकं होतं. मी डोळे पुसले आणि म्हणायला सुरुवात केली:

"तुझ्या गुरूचा प्राण घेतला तेव्हाच मी जाणलं होतं तेत्सुजी, की एक ना एक दिवस तुझ्या हा—"

कट्!

पुढे माझ्या तोंडातून जे निघालं ते मी इथे लिहू शकत नाही. सुरुवात आबांच्या नावाने झाली, मग त्यांच्या तालमीवर गेली, मग मधे काही शब्द आले जे मला येतात हे मलाच माहीत नव्हतं, आणि शेवटी शब्दच संपले व नुसता आवाज उरला. रस्त्यावरची म्हैस थबकली, असं संभाजी नंतर सांगत होता.

मी थांबले. मग आबा म्हणाले, "बसलं. उभं राहून बघा."

मी उभी राहिले. पाय टेकत होता. रांगेतल्या आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. आणि सुजाता, वीस वर्षं न ओरडलेली सुजाता, हसत होती, तेलाने माखलेला खांदा धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"माझ्या वाटणीचं पण तूच ओरडलीस बघ," ती म्हणाली. हसता हसता तिचा आवाज फुटला, आणि मग ती जरा वेळ खरंच रडली. मी तिला धरून एका पायावर उभी होते. आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे तोंड केलं. पाचशे बैठका सांगितल्या नाहीत.

रेकॉर्डरचा लाल दिवा चालूच होता.

ठाणे

परतीच्या गाडीत पाय समोरच्या पिशवीवर ठेवून मी माझ्या किंकाळीचे ते अकरा सेकंद ऐकले. पुन्हा ऐकले. आणि मला आमच्या नमुन्यात काय चुकलं होतं ते एकदम कळलं. ओरडण्यात चूकच नव्हती. आमचे नट वाक्य पूर्ण करत होते. ‘तुझ्या हातून माझा अंत होईल’ हे शेवटपर्यंत नीट म्हणायचे, श्वास घ्यायचे आणि मग ‘आऽऽ’ करायचे. कारण मी तसं लिहिलं होतं. माझी सगळी वाक्यं व्याकरणशुद्ध, कर्ता-कर्म-क्रियापदासकट संपणारी. दुखणं क्रियापदाची वाट बघत नाही. आबांना हे ठाऊक होतं, म्हणून तर ते माणसाला बोलतं करतात आणि मधेच हाड बसवतात.

मी सगळा भाग नव्याने लिहिला. जिथे मार बसतो तिथे वाक्य तोडलं. कुणाचं ‘मी तुला सोड’ वर तुटलं, कुणाचं नुसत्या ‘गु’ वर. नटांना सांगितलं की मार कुठे बसणार ते मी तुम्हाला सांगणार नाही, तुम्ही बोलत राहा. ‘कडाड्’ सगळे काढले, बरगडीचे आवाज तर अजिबातच ठेवले नाहीत. आणि म्हाताऱ्या उस्तादाचं मरण आमच्या कुठल्याच नटाला साधेना, तेव्हा तिथे सुरुवातीच्या शिव्या कापून, आवाज जरा जाड करून, माझीच किंकाळी लावली. ते फक्त मला आणि साऊंड इंजिनियरला माहीत.

दहाव्या दिवशी नमुना गेला. तीन दिवसांनी उत्तर आलं. मी ते उभ्यानेच वाचलं. मंजूर! शिवाय पर्यवेक्षक बाईंनी वेगळी ओळ लिहिली होती: म्हाताऱ्या उस्तादाचं काम करणारे ज्येष्ठ कलाकार कोण? त्यांच्या आवाजात आयुष्यभराचं दुःख आहे. उरलेल्या सहा उस्तादांची मरणंही त्यांच्याकडूनच करून घ्यावीत, ही आमची अट समजावी.

मी पहिला फोन सुजाताला केला. ती बसमध्ये होती. बातमी ऐकून ती "येऽऽस!" करून अशी ओरडली की मागून कुणीतरी "काय झालं मॅडम?" विचारलेलं मला फोनवर ऐकू आलं. "काही न्हाई, मेल आलाय," ती म्हणाली.

दुसरा फोन आबांना केला. त्यांना अट सांगितली. अजून सहा मरणं हवी आहेत, ती घरी बसून मला जमत नाहीत, आरशासमोर उभी राहून ओरडले तर ‘आई गं’ संभाजीसारखंच येतं, आता काय करू?

आबांनी पलीकडे कुणाला तरी बैठका चालू ठेवायला सांगितलं.

"या की मग," ते म्हणाले. "उजवा पाय हाय न्हवं अजून?"